आगीतून जन्मलेला डोंगर आणि ऊन पाण्याचे कुंड

हल्ली घरातली मुले मोबाईलवर एक दृश्य वडीलधाऱ्यांना मोठ्या हौसेने दाखवतात. इंडोनेशियातल्या बाली बेटावर बातूर नावाचा ज्वालामुखी आहे. माणसे मध्यरात्रीनंतर विजेऱ्या घेऊन तो चढतात, माथ्यावरून सूर्योदय पाहतात आणि खाली उतरून तळ्याकाठच्या गरम पाण्याच्या कुंडात अंग शेकतात. ते पाहून मुले विचारतात, आपण कधी जायचे? सातपूर-अंबडच्या कारखान्यात पाळ्या करणाऱ्या बापाला विमानाचे भाडे ऐकूनच घाम फुटतो. तो विषय बदलतो.

वाचकहो, विषय बदलण्याचे काही कारण नाही. आपण नाशिककर जन्मापासून ज्वालामुखीच्या लाव्ह्यावरच राहतो आहोत. आपली घरे त्यावर उभी आहेत, आपल्या विहिरी त्यातच खोदलेल्या आहेत. पाटा-वरवंटा आणि जाते ज्याचे घडवतात, तो काळा दगडही त्याचाच.

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी आजच्या महाराष्ट्राच्या भूमीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून तापलेला लाव्हा उसळून बाहेर आला. चित्रात दाखवतात तसा शंकूच्या आकाराचा, तोंडातून धूर सोडणारा डोंगर इथे नव्हता. लाव्हा पुरासारखा पसरला आणि थिजला. त्यावर पुन्हा दुसरा पूर आला. असे थरावर थर साचत गेले. आज सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर भूमीवर हा खडक पसरलेला आहे आणि सह्याद्रीत त्याची जाडी दोन किलोमीटरच्या आसपास भरते. पुढे कोट्यवधी वर्षे पावसाने आणि नद्यांनी हे थर कापले. जे कापायचे राहिले, ते आपले डोंगर. महाराष्ट्रातले सर्वांत उंच, १,६४६ मीटरचे कळसूबाईचे शिखरही असेच उरलेले आहे. तरुण मंडळी अकोले तालुक्यातल्या बारी गावातून रात्री चढायला लागतात आणि लोखंडी शिड्यांवरून माथा गाठून तिथे सूर्योदय पाहतात.

पण लेकरेबाळे आणि म्हातारी माणसे बरोबर असतील, तर नाशिकपासून आठ किलोमीटरवरचा आपला त्रिरश्मी डोंगर पुरेसा आहे. गेल्या हिवाळ्यात आम्ही सिडको आणि सातपूर भागातली काही कुटुंबे मिळून भल्या पहाटे तिथे गेलो. पायथ्याशी दादासाहेब फाळके स्मारक आणि बुद्ध स्मारक आहे. तिथे वंदना घेतली आणि पायऱ्या चढू लागलो. पहाटे फिरायला येणाऱ्यांची तिथे रीघ असते. निम्म्या वाटेवर पोहोचेपर्यंत पूर्वेला तांबडे फुटले. खाली शहराचे दिवे एकेक करून मालवू लागले आणि महामार्गावरच्या गाड्या मुंग्यांच्या रांगेसारख्या दिसू लागल्या. ज्यांची आयुष्यभराची सकाळ कारखान्याच्या भोंग्याने झाली, ती माणसे हातातला चहा थंड होईपर्यंत ते पाहत उभी राहिली.

मुलांना आम्ही खडक हाताने चाचपायला लावला. त्यात जागोजागी बारीक भोके दिसतात. धिरडे तव्यावर टाकले की वाफ निघते आणि त्याला जाळी पडते. लाव्हा थिजताना त्यातला वायू निसटला, त्याचीच ही जाळी. नाशिक परिसरातल्या दगडखाणींत याच पोकळ्यांमध्ये पांढरे, चकचकीत स्फटिक सापडतात. एवढे सांगितल्यावर पोरे पायऱ्या मोजायची सोडून दगड बघू लागली.

हा खडक टणक आहे आणि एकेक थर अखंड आहे. म्हणून तर सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या पूर्वजांनी तो छन्नी-हातोड्याने कोरून भिक्खूंसाठी वर्षावासाची जागा केली. तिथे चोवीस लेणी आहेत. लोक त्यांना पांडवलेणी म्हणतात, पण पांडवांचा त्यांच्याशी काही संबंध नाही. भिंतीवरचे ब्राह्मी अक्षर स्वतःच सांगते की ही भिक्खुसंघाला दिलेली लेणी आहेत आणि डोंगराचे नाव तिरण्हू, म्हणजेच त्रिरश्मी. दहाव्या लेण्यात उषवदाताचा लेख आहे. त्याने लेण्याबरोबर पाण्याच्या पोढीही कोरून दिल्या. आगीतून जन्मलेल्या दगडात पाणी साठवून ते संघाच्या स्वाधीन केले.

त्याच दहाव्या लेण्यात आणखी एक लेख आहे. तो आमच्या माताभगिनींनी आवर्जून समजून घ्यावा. तिसऱ्या शतकात, आभीर राजा ईश्वरसेनाच्या कारकिर्दीच्या नवव्या वर्षी, विष्णुदत्ता नावाच्या एका उपासिकेने कायमची ठेव ठेवली. ठेव कुणाकडे ठेवली? कुंभारांच्या, पाण्याची यंत्रे करणाऱ्यांच्या आणि तेल गाळणाऱ्यांच्या श्रेणींकडे. आणि कशासाठी? या डोंगरावर राहणाऱ्या संघातल्या आजारी भिक्खूंच्या औषधासाठी. हातावर पोट असलेल्या कारागिरांच्या मंडळावर एका बाईने विश्वास ठेवला आणि व्याजातून दुखणेकऱ्यांची सोय लावली. आज बचतगट चालवणाऱ्या आमच्या बहिणींची ही सतराशे वर्षांपूर्वीची थोरली बहीण.

लेणी पाहून आम्ही गाडीने मुंबईच्या दिशेने निघालो. कसारा घाट उतरताना खिडकीतून डोंगराचे कडे पाहावेत. भाकऱ्यांची चवड लावावी तसे थर दिसतात. साऱ्या जगातले भूगर्भशास्त्रज्ञ या खडकाला दख्खनचा ट्रॅप म्हणतात. स्वीडिश भाषेतल्या पायरी या अर्थाच्या शब्दावरून ते नाव पडले. या पायऱ्या उतरत आपण कोकणात येतो आणि भिवंडी तालुक्यात तानसा नदीच्या काठी वज्रेश्वरी, अकलोली आणि गणेशपुरीच्या गरम पाण्याच्या कुंडांपाशी पोहोचतो.

इथले पाणी गरम का? देवीने राक्षस मारले, त्यांचे रक्त म्हणून पाणी गरम, अशी कथा तिथे सांगतात. कुणाची श्रद्धा दुखवण्याची आमची इच्छा नाही. पण बाबासाहेबांच्या लेकरांना कार्यकारणभाव कळलाच पाहिजे. पूर्वीच्या लाव्ह्याची धग अजून शिल्लक आहे असेही कुणी समजू नये. तो केव्हाच निवला. खरे कारण साधे आहे. जमिनीत जसजसे खोल जावे, तसतशी उष्णता वाढते. साधारणपणे दर किलोमीटरला २५ ते ३० अंश. पावसाचे पाणी खडकातल्या भेगांमधून खोल मुरते, तिथे तापते आणि दुसऱ्या भेगेने वर येते. वाटेत ते खनिजे विरघळवून आणते, म्हणून काही ठिकाणी गंधकाचा वास येतो. कोकणात किनाऱ्याला समांतर अशा झऱ्यांची मोठी रांगच आहे. रायगड जिल्ह्यात पालीजवळचे उन्हेरे आणि रत्नागिरी जिल्ह्यातले उन्हवरे या गावांच्या नावातच ते ऊन पाणी आहे.

पाण्यात उतरल्यावर मोठी माणसेही लहान झाली. यंत्रापुढे आठ-आठ तास उभे राहून ज्यांच्या पोटऱ्या आंबलेल्या असतात, त्यांना या पाण्याचे सुख वेगळे सांगावे लागत नाही. मात्र आमच्यातल्या एक आजी, वय ऐंशीच्या घरात, काठावरच बसून राहिल्या. सून म्हणाली, "आत्याबाई, चला ना." आजी म्हणाल्या, "होऊ दे आधी समद्यांचं. मंग बसते मी." आम्हाला वाटले, दमल्या असतील. थोड्या वेळाने नातीने पुन्हा विचारले, तेव्हा त्या बोलल्या, "आमच्या टायमाला पाण्यापसून लांब हुभं राह्याचं. कुनीतरी वरून ओंजळीत वाढायचं. वाढलं तर वाढलं, नाही तर बस घंटाभर. ती सवय काही जात नाही, बाई."

कुंडावर त्यांना कुणी अडवले नव्हते. शेजारी कोण कुठले उतरले आहेत, हे कुणी कुणाला विचारतही नव्हते. तरी सत्तर वर्षांपूर्वीचे ते थांबणे आजींच्या अंगात मुरलेले होते. सुनेने भाषण केले नाही. तिने आजींचा हात धरला आणि दोघी पायरी उतरल्या. पाणी गुडघ्याला लागले तशा आजी हसल्या. मग त्यांना बाहेर काढणे कठीण झाले. शेवटी मागे माणसे ताटकळलेली पाहून त्याच म्हणाल्या, "चला, लोकं खोळंबली."

परतीच्या वाटेवर आम्ही सर्वांना विनयपिटकातली एक गोष्ट सांगितली. राजगृहाला तपोदा नावाचे गरम पाण्याचे झरे होते. आपले लोक धम्मयात्रेला राजगीरला जातात, तेव्हा वैभार टेकडीच्या पायथ्याशी ही कुंडे त्यांना आजही दिसतात. एकदा भिक्खू तिथे स्नान करत होते. मगधाचा राजा बिंबिसार डोके धुवायला आला. भिक्खूंना पाहून तो म्हणाला, त्यांचे होऊ द्या, आणि बाजूला उभा राहिला. भिक्खू अंधार पडेपर्यंत पाण्यातून निघालेच नाहीत. राजाचे स्नान होईपर्यंत नगराचे दरवाजे बंद झाले आणि त्या रात्री मगधाचा सम्राट नगराबाहेर झोपला. ज्या संघात उपालीसारखा न्हावी आणि सुनीतासारखा सफाई करणारा समान आसनावर होता, त्या संघासाठी राजा थांबला होता.

तथागतांनी हे ऐकून काय केले? राजा थांबला म्हणून संघाचा मोठेपणा मिरवला नाही. त्यांनी भिक्खूंनाच समज दिली आणि स्नानाला मर्यादा घालून दिली. पंधरवड्याच्या आत पुन्हा स्नान करायचे नाही, असा नियम झाला. पुढे त्याला सवलतीही दिल्या. कडक उन्हाळ्यात, आजारात, प्रवासात, वादळपावसात आणि काम केले असेल तेव्हा केव्हाही स्नान करावे. काम म्हणजे काय, याचाही तिथे खुलासा आहे. नुसते अंगण झाडले तरी ते काम. घरकामाला काम न म्हणणाऱ्या आमच्या पुरुषांनी हा खुलासा पुन्हा एकदा वाचावा.

या गोष्टीचा अर्थ आम्हाला असा दिसतो. पाण्यावर कुणाची मालकी नाही. राजा आहे म्हणून तो आधी उतरत नाही आणि भिक्षू आहे म्हणून तो दिवसभर अडवून बसत नाही. कष्ट केलेल्या अंगाचा मात्र पाण्यावर हक्क आहे. हाच धम्म आपल्या देशात विसरला गेला आणि माणसांना पाण्यापासून दूर उभे केले गेले. १९२३ साली मुंबई कायदेमंडळात रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव संमत होऊन सार्वजनिक पाणवठे कागदावर खुले झाले. तरी ओंजळभर पाण्यासाठी बाबासाहेबांना २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर जावे लागले, आणि त्या तळ्याचा खटला उच्च न्यायालयात जिंकायला १९३७ साल उजाडले. पुढे राज्यघटनेच्या १५व्या अनुच्छेदात विहिरी आणि तलावांबरोबर स्नानघाट हा शब्दही लिहिला गेला. कुंडाच्या पायरीवर पाऊल ठेवताना त्या एका शब्दाची किंमत आपल्या मुलांना ठाऊक असावी.

जाणाऱ्या कुटुंबांसाठी चार सूचना. लेण्यांचे दार उघडण्याची वेळ आदल्या दिवशी विचारून घ्यावी. लेण्यांच्या वरच्या कड्यावर मुलांना चढू देऊ नये. लेण्यात मेणबत्ती-अगरबत्ती लावू नये. काजळीने अक्षरे काळवंडतात आणि धुराने मोहोळ उठते. वंदना पायथ्याच्या स्मारकात घ्यावी. कुंडात उतरण्यापूर्वी पाणी कोपराने पाहावे, कारण सर्व कुंडे सारखी गरम नसतात. दहा-पंधरा मिनिटांपेक्षा जास्त बसू नये. गरोदर स्त्रिया, हृदयविकाराचे आणि रक्तदाबाचे रुग्ण यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरू नये. मधुमेहामुळे ज्यांच्या पायांना चटका कळत नाही, त्यांनी विशेष जपावे. या पाण्याने दुखरे अंग मोकळे होते, पण ते औषधाची जागा घेत नाही, म्हणून चालू गोळ्या बंद करू नयेत. साबण आणि प्लास्टिक पाण्यात जाऊ देऊ नये. आणि सहल म्हणजे बाटली असे ज्यांना वाटते, त्यांनी पंचशील घरी ठेवून येऊ नये.

खर्च म्हणाल तर गाडीभाडे वर्गणी काढून आणि भाकरी-ठेचा घरचा. येत्या थंडीत आपापल्या विहाराच्या महिला मंडळाने एक रविवार ठरवावा. ज्या म्हाताऱ्या माणसांनी आयुष्यभर दुसऱ्यांचे आधी होऊ दिले, त्यांना गाडीत पुढच्या जागेवर बसवावे आणि पाण्यात पहिल्यांदा त्यांना उतरवावे.

जयभीम!