रंगाऱ्याची उचल आणि घराचे अंदाजपत्रक

ल कार्बुझिए यांनी आखलेल्या चंदीगड शहराला रंगाचे वावडे नाही. उच्च न्यायालयाच्या प्रवेशाशी उभे असलेले हिरवे, पिवळे व तांबडे भव्य स्तंभ त्याची साक्ष देतात. जुन्या सेक्टरांतील सरकारी निवासस्थाने मात्र बहुतांशी उघड्या विटांची व काँक्रीटची असल्याने तेथील रहिवाशांना बाहेरच्या भिंतींची चिंता नसते. चिंता असते ती आतल्या भिंतींची. १९७६ मध्ये स्थापन झालेल्या चंदीगड हाउसिंग बोर्डाच्या सदनिका घ्या, सहकारी सोसायट्यांतील घरे घ्या किंवा शेजारच्या पंचकुला-मोहालीतील नवी संकुले घ्या. दर चार-पाच वर्षांनी प्रत्येक घरात तोच प्रश्न उभा राहतो. रंग कधी काढावा, कोणाकडून काढावा आणि त्यासाठी किती रक्कम बाजूला ठेवावी?

बँक, सैन्यदल अथवा केंद्र सरकारच्या नोकरीनिमित्त महाराष्ट्रातून तेथे स्थिरावलेल्या कुटुंबांना या प्रश्नात शब्दांचीही थोडी अडचण येते. आपण जिला ओल म्हणतो ती तेथे ‘सीलन’ होते, रंगकामाला सर्रास ‘सफेदी’ म्हणतात, मग भिंत गुलाबी का करावयाची असेना, आणि रोजंदारीला ‘दिहाडी’. शब्द आठवड्याभरात अंगवळणी पडतात. हिशेब मात्र अंगवळणी पडत नाही, कारण तो आपल्या नाशिक-नागपुरातही कोणी नीट मांडलेला नसतो.

प्रथम ऋतूचा विचार. चंदीगडचा उन्हाळा चाळिशी ओलांडतो, जुलै ते सप्टेंबर पावसाचे दिवस आणि डिसेंबरच्या उत्तरार्धापासून जानेवारीअखेर धुके व कडाक्याची थंडी. पाण्यात मिसळावयाचे रंग थंड व दमट हवेत नीट वाळत नाहीत. पुट्टी वरून कोरडी दिसते आणि आत ओली राहते. म्हणजे रंगकामास खऱ्या अर्थाने अनुकूल असे दोनच हंगाम उरतात, एक पावसानंतर थंडीपूर्वी आणि दुसरा फेब्रुवारीच्या मध्यापासून उन्हाचा तडाखा वाढेपर्यंत. त्यांपैकी पहिल्या हंगामावर सारे शहर एकदमच तुटून पडते, कारण प्रत्येकाला घर दिवाळीपूर्वी लखलखीत हवे असते. या भागातील रंगाऱ्यांत पूर्व उत्तर प्रदेश व बिहारमधील कारागिरांचा भरणा मोठा आहे. दिवाळीनंतर सहाव्या दिवशी छठपूजा येते आणि त्यासाठी ते गावी जातातच. दसऱ्यानंतर सुरू केलेले काम दिवाळीच्या आदल्या दिवशी अर्धवट राहते, त्याचे मूळ पुष्कळदा आळसात नसून रेल्वेच्या तिकिटात असते.

आता मोजमाप. रंगाऱ्याने सांगितलेला आकडा ऐकून गृहस्थ चमकतो, तो या ठिकाणी. बारा फूट बाय दहा फूट खोली, म्हणजे १२० चौरस फूट, असे त्याच्या डोक्यात बसलेले असते. परंतु रंग फरशीला लावावयाचा नसतो. दहा फूट उंचीच्या त्या खोलीच्या चार भिंती ४४० चौरस फूट भरतात, छताचे १२० मिळवून ५६० होतात. दार-खिडकीचे ४० वजा केले तरी ५२० उरतात. संपूर्ण सदनिकेत स्वयंपाकघरातील व न्हाणीघरातील फरश्या, भिंतीतील कपाटे वगैरे वगळता रंगवावयाचे क्षेत्रफळ चटईक्षेत्राच्या साधारण तिप्पट ते साडेतीनपट येते. ९०० चौरस फुटांच्या घरात २,८०० चौरस फूट रंगकाम निघाले तर त्यात फसवणूक नाही. दार-खिडक्या वजा करावयाच्या की नाहीत, हे मात्र काम सुरू होण्यापूर्वी ठरलेले असावे. नंतर फीत घेऊन वाद घालणे दोघांनाही शोभत नाही.

समजा, या २,८०० चौरस फुटांसाठी एका रंगाऱ्याने सामानासह चौरस फुटाला २० रुपये दर सांगितला आणि दुसऱ्याने १४. पहिल्याचे ५६,००० होतात, दुसऱ्याचे ३९,२००. फरक १६,८०० रुपयांचा. आणि बहुतेक घरांत निर्णय येथेच होऊन जातो. हे १६,८०० रुपये कोठून वाचले, हे विचारण्याची पद्धत नाही. वस्तुतः ते क्वचितच नफ्यातून वाचतात. जुन्या रंगाचे पोपडे पुरते न खरवडता वरूनच पुट्टी फिरविली जाते, पुट्टीचा दुसरा हात गाळला जातो, प्रायमरला फाटा मिळतो आणि रंगात पाणी वाढते. भिंत त्या दिवशी दोन्ही दरांत सारखीच दिसते. दोन पावसाळ्यांनंतर ती सारखी दिसत नाही.

याची एक सोपी पडताळणी आहे. चांगल्या पुट्टी केलेल्या भिंतीवर आतील इमल्शनचा एक लिटर, दोन हातांसाठी, साधारण १२० ते १४० चौरस फूट पुरतो. २,८०० चौरस फुटांना बावीस लिटरांच्या आसपास रंग लागणारच. जो दहा लिटरच्या एका बादलीत संपूर्ण घर रंगवून देतो, त्याच्या दराचे रहस्य वेगळे शोधावे लागत नाही. म्हणून दरपत्रकात दरापेक्षा अधिक महत्त्वाच्या गोष्टी म्हणजे पुट्टीचे हात किती, प्रायमर कोणता, रंगाचा प्रकार व लिटर किती, आणि ओल असलेल्या भिंतीची दुरुस्ती त्यात धरली आहे की नाही. शेवटची बाब तर स्वतंत्रच ठेवावी. वरच्या मजल्याच्या न्हाणीघरातून झिरपणारे पाणी जगातील कोणताही रंग थांबवीत नाही.

जाहिरातींनी आपल्या मनात डबा मोठा केला आणि भिंत लहान. आर. के. लक्ष्मण यांनी १९५४ मध्ये एशियन पेंट्ससाठी रेखाटलेला, हातात रंगाची बादली व कुंचला घेतलेला खट्याळ गट्टू अनेकांना आठवत असेल. त्याच्या हातात कधी खरवडायचा पत्रा दिसला नाही! रंगाच्या डब्यासोबत रंगाऱ्यासाठी बक्षीस-कुपन देण्याची प्रथाही या व्यवसायात जुनी आहे. रंगारी अमुकच कंपनीचा आग्रह धरतो तेव्हा त्यामागे अनुभव असू शकतो आणि कुपनही असू शकते. त्यात गैर काही नाही, पण ग्राहकाला ते ठाऊक असलेले बरे.

परंतु सर्वाधिक मनस्ताप दरामुळे होत नाही, तो होतो उचलीमुळे. निम्मी रक्कम आगाऊ द्यावी, असा रंगाऱ्याचा आग्रह असतो. ग्राहक कुरकुरत देतो आणि चौथ्या दिवशी माणसे यावयाची थांबतात. फोन लागत नाही. खोलीच्या मध्यभागी चादरीखाली झाकलेले सामान आणि भिंतींवर अर्धी पुट्टी, अशा अवस्थेत कुटुंबाचा आठवडा जातो. याला सरळ अप्रामाणिकपणा म्हणून मोकळे होता येते. तथापि बँकेच्या दृष्टीने पाहिले तर हा खेळत्या भांडवलाचा प्रश्न आहे. ठेका घेणाऱ्या रंगाऱ्याजवळ स्वतःची पुंजी नसते. त्याला हाताखालच्या चार माणसांची दिहाडी रोज अथवा शनिवारी द्यावीच लागते. मागच्या घराचे पैसे अडकलेले असतात, म्हणून या घरची उचल त्या घरच्या मजुरीत जाते आणि या घरची मजुरी भागविण्यासाठी तिसऱ्या घरची उचल शोधावी लागते. तो पळून गेलेला नसतो. तिसऱ्या घरी पुट्टी लावत असतो.

अर्थात ग्राहक नकळत रंगाऱ्याचा सावकार झालेला असतो, तोही विनातारण, विनाव्याज आणि विनाकागद. बँक घरबांधणीचे कर्ज एकरकमी देत नाही. पाया, स्लॅब, भिंती अशा टप्प्यांनी, काम पाहून देते. घराच्या रंगाला हाच नियम लावण्यात संकोच का वाटावा? सामान ग्राहकाने स्वतः दुकानातून, स्वतःच्या नावाने पावती घेऊन आणावे; रंगावर १८ टक्के वस्तू व सेवा कर असतो, तो अंदाजात आधीच धरावा. रंगछटेचा क्रमांक असलेली चिठ्ठीही जपून ठेवावी, कारण दोन वर्षांनी एखादा डाग झाकताना तीच उपयोगी पडते. सामानावरील दुकानदाराची सूट यामुळे रंगाऱ्याच्या हातून जाते आणि तो मजुरी थोडी वाढवून मागतो. ती वाढ द्यावी, कारण ती उघड आहे.

मग उरते केवळ मजुरी. वरील उदाहरणात ती ३०,००० रुपये धरली तर आरंभी ३,०००, खरवडणे व पुट्टी घासून झाल्यावर ९,०००, प्रायमर व रंगाचा पहिला हात झाल्यावर ९,०००, दुसरा हात व साफसफाई झाल्यावर ६,००० आणि उरलेले ३,००० पंधरा दिवसांनी, राहिलेले बारीकसारीक काम उरकल्यावर, अशी वाटणी करता येईल. काही चतुर गृहस्थ शेवटची रक्कम पहिला पाऊस जाईपर्यंत अडवून ठेवण्याचा सल्ला देतात. तो योग्य वाटत नाही. फेब्रुवारीत केलेल्या कामाचे तीन हजार सप्टेंबरपर्यंत अडविणे म्हणजे ज्याच्याजवळ भांडवल नाही त्याच्याकडून उलट कर्ज घेणे होय. टप्पा पूर्ण झाला की त्याच संध्याकाळी रक्कम खात्यात जमा व्हावी, ही या व्यवस्थेची दुसरी बाजू आहे आणि ती ग्राहकाने पाळावयाची आहे. ‘साहेब गावाला गेले आहेत’ हे उत्तर रंगाऱ्यांनीही पुष्कळ ऐकलेले असते.

येथे बँकांकडेही बोट दाखविणे भाग आहे. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत अठरा कारागिरींचा समावेश आहे. त्यांत गवंडी आहे, सुतार आहे, कुलूप दुरुस्त करणाराही आहे. घरे रंगविणारा रंगारी मात्र नाही. त्यामुळे पाच टक्के व्याजाचे विनातारण कर्ज गवंड्याला मिळू शकते आणि त्याच इमारतीत त्याच्यामागून येणाऱ्या रंगाऱ्याला मिळत नाही. त्याच्यासाठी २०१५ पासूनची मुद्रा योजना आहे. तिच्या ‘शिशु’ गटात पन्नास हजारांपर्यंतचे विनातारण कर्ज मिळते आणि चार माणसांच्या दोन-तीन आठवड्यांच्या दिहाडीला ते पुरेसे आहे. परंतु शाखेत येणारा रंगारी वर्षाची उलाढाल कागदावर दाखवू शकत नाही, कारण ग्राहकांनी त्याला नेहमी रोखीनेच पैसे दिलेले असतात. टप्प्याटप्प्याने खात्यात जमा होणारी मजुरी हाच त्याचा उलाढालीचा पुरावा ठरू शकतो. शाखेतील अधिकाऱ्याने खातेउताऱ्यावरील अशा नोंदी पाहून पन्नास हजारांचा निर्णय घेण्याचे धैर्य दाखविले, तर अनेक घरांच्या दिवाणखान्यांत अर्धी पुट्टी राहणार नाही.

घराच्या बाजूने पाहता रंगकाम हा अचानक उद्भवणारा खर्च नव्हे. वरील ५६,००० मध्ये दारे व लोखंडी जाळ्यांचे ९,०००, दहा टक्के अनपेक्षित म्हणून ६,५०० आणि सामान हलविणे, धुणे-पुसणे यांचे ३,५०० मिळविले की ७५,००० होतात. पाच वर्षांची आवर्ती ठेव धरली तर महिन्याला १,२५० रुपये झाले. व्याज मिळेल ते महागाईकडे जाईल. ज्यांना मोठी दुरुस्ती करावयाची आहे त्यांनी गृहसुधारणा कर्जाचा विचार करावा. स्वतःच्या राहत्या घराच्या दुरुस्ती वा नूतनीकरणासाठी घेतलेल्या कर्जाच्या व्याजावर, जुनी करपद्धती स्वीकारणाऱ्यांना, वर्षाला ३०,००० रुपयांपर्यंत वजावट मिळते. केवळ रंगासाठी मात्र कर्ज काढू नये आणि क्रेडिट कार्डावर थकबाकी ठेवून तर मुळीच काढू नये. भिंतीचा रंग फिका होण्याच्या कितीतरी आधी ते व्याज गडद होते.

आणखी एक बाब अंदाजपत्रकात सहसा नसते. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपेक्षा अधिक असू नये, हा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्यापूर्वीच्या दारा-खिडक्यांवरील तैलरंगात शिसे असण्याचा संभव आहे. तो कोरडा घासला की त्याची धूळ घरातील लहान मुलांच्या व घासणाऱ्याच्याही श्वासात जाते. ओला करून घासावयास सांगावे, तोंडावर बांधावयास चांगला मास्क द्यावा आणि मुलांना त्या दोन दिवसांपुरते दुसरीकडे ठेवावे. तिसऱ्या-चौथ्या मजल्याच्या गॅलरीबाहेरील जाळी रंगविताना कमरेला पट्टा हवा. तो रंगाऱ्याजवळ नसेल तर विकत घेऊन द्यावा. त्याची किंमत त्या अनपेक्षित ६,५०० मधून सहज निघते.

हे सारे ठरविण्यास दसऱ्याचा आठवडा फार उशिराचा असतो. चंदीगडमधील जाणते गृहस्थ श्रावणातच मोजमाप करून घेतात आणि सप्टेंबरअखेरीस पाऊस ओसरला की काम सुरू करतात. ज्यांचे राहून गेले, त्यांनी छठहून कारागीर परतण्याची वाट पाहून धुक्यात घाई करण्यापेक्षा फेब्रुवारीची तारीख ठरवावी. त्या वेळी कारागिराला हातात काम हवे असते, भिंती कोरड्या असतात आणि दरही बोलण्यासारखा असतो.