स्क्रीन काळवंडली तरी वायर ओढू नका!

मैत्रिणींनो, मागच्या दिवाळीच्या तोंडावरची गोष्ट. सहामाहीचे पेपर तपासून झाले होते आणि आठवीच्या दोन तुकड्यांचे गुण कॉम्प्युटरवर भरून दुसऱ्या दिवशी शाळेत द्यायचे होते. गॅसवर चकलीची भाजणी, मुलं अभ्यासाला बसलेली आणि आमचे ‘हे’ फिरतीवर. २०२० च्या टाळेबंदीत मुलांच्या शाळेसाठी घेतलेला आमचा कॉम्प्युटर तेव्हाच जुना होता. आता तर अगदी कुरकुरत चालतो.

एक तुकडी भरून झाली, दुसरी अर्धी झाली, आणि डिस्क भरत आल्याची सूचना आली. माझ्या भाच्याने मला एकदा ‘डिस्क क्लीनअप’ दाखवलं होतं. म्हटलं, पाच मिनिटांत केर काढून टाकू. ते उघडलं आणि ‘सिस्टीम फाइल्स’ साफ करायचं ढालीचं चित्र असलेलं बटण दाबलं. झालं! सगळी स्क्रीन काळवंडली. माउस हलेना, गुणांचा तक्ता मागे दिसतोय पण हात लावता येईना. दिसतील ती बटणं दाबून पाहिली. इकडे भाजणी करपायला लागली. शेवटी वैतागून भिंतीवरचं बटणच बंद केलं.

कॉम्प्युटर पुन्हा सुरू झाला, पण न सेव्ह केलेले सगळे गुण गेले. रात्री साडेबारापर्यंत बसून पुन्हा भरले. ह्यांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, “मी आल्यावर बघितलं असतं. तुला काय घाई होती?” ते मनाला लागलं. घरातलं सिलिंडर मी बदलते, उडालेला फ्यूज मी घालते, आणि या पेटीपुढे मात्र परक्यासारखं बसायचं?

पुढच्या रविवारी भाचा फराळाला आला, तेव्हा त्याच्यासमोर तेच बटण पुन्हा दाबलं. स्क्रीन तशीच काळवंडली. माझा हात वायरकडे जाणार, तोच त्याने थांबवलं. “मावशी, जरा दम धर.” थोड्या वेळाने मधोमध एक चौकट आली. या प्रोग्रॅमला बदल करू द्यायचे का, असं विचारत होती आणि पासवर्ड मागत होती. “मशीन बंद पडलं नव्हतं गं. ते परवानगी मागत होतं.”

त्याने सांगितलेलं मला पटलं, म्हणून तुम्हाला सांगते. २००७ साली आलेल्या ‘विंडोज व्हिस्टा’पासून ही पद्धत सुरू झाली. साफसफाई, डिस्कची तपासणी, नवा प्रोग्रॅम बसवणं अशी पूर्ण मशीनवर परिणाम करणारी कामं करण्याआधी विंडोज मालकाला विचारून घेतं. तेवढा वेळ बाकीचं सगळं मुद्दाम थोपवलं जातं, म्हणजे एखादा लबाड प्रोग्रॅम तुमच्या नावाने परस्पर ‘होय’ दाबू शकत नाही. दाराची बेल वाजली की आपण हातातलं काम ठेवून आधी सेफ्टी डोअरमधून बघतो ना, तसंच हे. नव्या मशीनवर हे क्षणात होतं. जुन्या मशीनवर चौकट यायला वेळ लागतो आणि आपल्याला वाटतं, गेलं सगळं!

तेव्हा अशी वेळ आली तर या क्रमाने करा.

१. घड्याळाकडे बघून पाच मिनिटं थांबा. या वेळात दहा बटणं दाबू नका. मशीन मोकळं झालं की ती सगळी एकामागून एक लागू होतात.

२. ‘कॅप्स लॉक’ दाबून पाहा. त्याचा दिवा लागत-विझत असेल तर मशीन जागं आहे.

३. स्क्रीन काळवंडली नसेल, पण काम अडलं असेल, तर खालच्या पट्टीकडे बघा. कधी कधी परवानगीची चौकट समोर न येता तिथे ढालीचं छोटं चित्र लुकलुकत बसतं. त्यावर क्लिक केलं की चौकट पुढे येते.

४. खिडकी पांढुरकी होऊन ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ असं दिसलं तरी घाबरू नका. काही सेकंद उत्तर मिळालं नाही की विंडोज तसं लिहितं. मोठं काम चाललं असेल तर ते आपसूक जातं.

५. कंट्रोल, ऑल्ट, डिलीट एकत्र दाबा. यादी आली तर ‘टास्क मॅनेजर’ उघडून अडलेला प्रोग्रॅम तेवढा बंद करा. तिथे डिस्कचा आकडा शंभर टक्क्यांच्या आसपास असेल तर मशीन कामात आहे, अजून थांबा.

६. डिस्कची माहिती दाखवणारं साधन उघडताना अडकत असेल, तर लावलेला पेन ड्राइव्ह किंवा कार्ड काढून पाहा. बिघडलेल्या पेन ड्राइव्हच्या उत्तराची वाट बघत ते साधन ताटकळत राहतं. मात्र पेन ड्राइव्हवर काही उतरत असेल तर काढू नका.

७. काहीच जमलं नाही तर पॉवरचं बटण दहा-बारा सेकंद दाबून धरा. हा शेवटचा उपाय. डिस्कची तपासणी किंवा ‘अपडेट’ चालू असताना तोही करू नका. टक्क्यांचा आकडा बराच वेळ एकाच जागी राहिला तरी आत काम चालू असू शकतं.

जुन्या मशीनवर स्क्रीन काळवंडायलाच फार वेळ लागत असेल तर एक सोय आहे. स्टार्टमध्ये ‘यूएसी’ असं इंग्रजीत टाइप करा. चार खुणांची उभी पट्टी येईल. वरून तिसरी खूण निवडली की परवानगी विचारली जाते, पण स्क्रीन काळवंडत नाही. सुरक्षा थोडी कमी होते, म्हणून गरज असेल तरच हे करा. सगळ्यात खालची खूण मात्र कधीच नको. तिथे विचारणंच बंद होतं.

आणि चौकट आली म्हणून डोळे मिटून ‘होय’ दाबायचं नाही. प्रोग्रॅमचं नाव वाचा. वरची पट्टी पिवळी असेल तर तो कुणी बनवला याची खात्री विंडोजला पटलेली नाही. आपण काही सुरू केलेलं नसताना चौकट आली तर सरळ ‘नाही’. ‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये बिघाड आहे’ असा फोन करून ‘इव्हेंट व्ह्यूअर’मधल्या लाल खुणा दाखवणारे ठकही असतात. तशा खुणा चांगल्या मशीनवरही असतात. फोन ठेवून द्या.

राहता राहिला पासवर्ड. त्या रविवारी चौकटीत तो टाइप केला ह्यांनी. मी म्हटलं, “अहो, मलाही सांगून ठेवा.” हे हसले. “तुला कशाला लागतोय?” सासूबाई करंज्या भरत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “कपाटाच्या किल्ल्या तिच्याकडेच आहेत ना? मग ही एक किल्ली वेगळी का?” ह्यांनी मुकाट्याने कागद-पेन मागितलं.

तुमच्याही घरी पासवर्ड एकट्याच्या डोक्यात असेल तर आजच विचारून घ्या. वहीत लिहून वही कपाटात ठेवा, स्क्रीनला चिठ्ठी मात्र चिकटवू नका. आणि असलं साधन उघडण्याआधी कंट्रोल आणि एस दाबून काम सेव्ह करा, फाइल बंद करा, महत्त्वाच्या कामाची एक प्रत पेन ड्राइव्हवर ठेवून तो काढून घ्या.

परवा चाचणीचे गुण भरताना साफसफाई करायची वेळ पुन्हा आली. फाइल आधीच सेव्ह केली होती. स्क्रीन काळवंडली तशी मी उठले, कुकर उतरवला, हात पुसून परत आले. चौकट येऊन थांबली होती.