कमानीवरचा उमेदवार

2024 च्या गणेशोत्सवात गुलमंडीकडे जाताना एका कमानीखाली मी थबकलो. गजानन वीतभर आणि इच्छुक उमेदवार पुरुषभर! मंडळ धर्मादाय खात्यात नोंदलेले. माझी पावती एकावन्न रुपयांची. कमानीचे पैसे कोणाचे, असे विचारताच कार्यकर्ता म्हणाला, "गुरुजी, देवाच्या कामात हिशेब कसला विचारता?"

विचारायचाच आहे. विधानसभेच्या उमेदवाराला खर्चाची मर्यादा 40 लाखांची. पण कायदा मोजतो तो अर्ज भरल्यापासून निकालापर्यंतचा खर्च. गणपती बसले 7 सप्टेंबरला, अर्ज भरले गेले ऑक्टोबरअखेर. भाद्रपदातली कमान कुणाच्याच वहीत नाही! 1974 साली सर्वोच्च न्यायालयाने पक्षाने केलेला खर्च उमेदवाराच्या माथी मारला, तर सरकारने त्याच वर्षी वटहुकूम काढून पक्ष, संस्था, स्नेही सगळ्यांना मोकळे सोडले. ही पळवाट 2003 पर्यंत उघडी होती. 2024 च्या फेब्रुवारीत निवडणूक रोखे घटनाबाह्य ठरले, तेव्हा आमच्या गल्लीत कोण आनंद! अहो, दिल्लीतल्या देणगीदाराचे नाव हवे आणि गल्लीतल्याचे नको?

पुढच्या वर्षी पोरे वर्गणीला आली, तेव्हा मी आधी जमाखर्चाची वही मागितली. "आणतो, गुरुजी," म्हणून गेली, ती अजून यायची आहेत.