दंडाची बेटकुळी आणि वाचनाची कसोटी

शरीर कमावू पाहणाऱ्या तरुणाने कोणती मासिके वाचावीत, असा प्रश्न आम्हाला अलीकडे वारंवार विचारला जातो. भाषेच्या चळवळीतल्या माणसांनी या प्रश्नात पडावे, हे काही वाचकांना विचित्र वाटेल. पाट्या, सातबाऱ्याचे उतारे, शाळांचे माध्यम हे आमचे नेहमीचे विषय. पण हा प्रश्न आधी भाषेचा आहे आणि मग व्यायामाचा, अशी आमची खात्री झाली आहे. ती कशी झाली ते सांगतो.

मागच्या पावसाळ्यात आम्ही काही कार्यकर्ते सीमाभागातील एका जुन्या तालमीत गेलो होतो. लाल मातीचा हौदा ताडपत्रीखाली झाकलेला होता. शेजारच्या खोलीत लोखंडी वजने, आरसे आणि बाकावर इंग्रजी मासिकांचे चुरगळलेले अंक होते. त्यातले एक पान उघडून आम्ही तिथल्या मुलांना म्हटले, "यात काय लिहिले आहे ते आम्हाला मराठीत सांगा." मुले हुशार होती. घरी मराठी, शाळेत कन्नड आणि इंग्रजी, बाजारात तिन्ही अशा भाषांत ती वाढलेली. पण पान पाहून एकाने फक्त चित्राकडे बोट दाखवले आणि म्हणाला, "काका, हा डबा घेतला की बारा आठवड्यांत असं अंग होतं." पानाच्या माथ्यावर मुंगीएवढ्या अक्षरांत ती जाहिरात असल्याचे छापले होते. ते कोणीही वाचले नव्हते. लेख कुठे संपतो आणि जाहिरात कुठे सुरू होते, हे त्या मुलांना कळत नव्हते. आणि ते कळू नये अशीच त्या पानाची रचना होती.

दोष मुलांचा नाही, आणि एकट्या त्या मासिकाचाही नाही. व्यायामाच्या मासिकांचा इतिहासच तसा आहे. युजेन सँडो या प्रसिद्ध बलदंडाने १८९८ साली इंग्लंडात आपले मासिक काढले. पुढे १९०४-०५ मध्ये तो हिंदुस्थानात येऊन गेला आणि इथल्या तरुणांना त्याने वेड लावले. त्याच्या नावावर व्यायामाची साधने विकली गेली, इतकेच काय, कोकोही विकला गेला. अमेरिकेत बॉब हॉफमन यांनी १९३२ साली 'स्ट्रेंग्थ अँड हेल्थ' सुरू केले. त्यांचा धंदा लोखंडी वजनांचा होता आणि पुढे प्रथिनांच्या भुकटीचाही. कॅनडातील माँट्रियलच्या जो वायडर यांनी १९४० साली 'युअर फिजिक' काढले. त्यातूनच पुढे 'मसल अँड फिटनेस' आणि 'फ्लेक्स' यांचा पसारा उभा राहिला, आणि त्याच हातांनी भुकटीचे डबेही विकले. नेब्रास्कातील पीअरी आणि मेबल रेडर या दांपत्याने १९३६ साली सुरू केलेले 'आयर्न मॅन' त्या मानाने निःपक्ष समजले जाई, पण असे अपवाद थोडे. या धंद्यात बहुधा दुकानदार आणि संपादक एकच असत. दुकानदाराने आपला माल वाईट आहे असे लिहावे, ही अपेक्षाच भाबडी आहे.

पुरावा हवा असेल तर तोही आहे. अमेरिकेच्या केंद्रीय व्यापार आयोगाने १९८५ साली वायडर यांच्या दोन उत्पादनांच्या जाहिरातींवर आक्षेप घेतला. ती उत्पादने स्नायू वाढवतात आणि स्टेरॉइडला पर्याय ठरतात, असे खोटे दावे पुढे न करण्याचे कंपनीला मान्य करावे लागले. ज्यांच्या छायाचित्रांनी ही मासिके घरोघर पोहोचली, त्या अर्नोल्ड श्वार्झनेगर यांनी आपण त्या काळात स्टेरॉइड घेत होतो हे नंतर स्वतः सांगितले. चित्र औषधाचे आणि किंमत डब्याची, असा हा व्यवहार होता. आमच्या भागातला मुलगा ते चित्र पाहतो, डबा घेतो, बारा आठवडे वाट पाहतो, अंग तसे होत नाही. मग कोणीतरी त्याच्या कानात सुईचे नाव सांगतो. त्या सुईची किंमत हृदय, यकृत आणि पुरुषत्व यांच्याकडून वसूल होते. हे त्याला समजेल अशा भाषेत, त्याच्या हाती पडेल अशा कागदावर, आम्ही कधी छापले का? छापलेले नाही. म्हणून हा लेख आधी आमच्यावरचाच आरोप आहे.

या विषयावर बोलू लागले की दोन मंडळी आमच्यावर तुटून पडतात. पहिल्या मंडळींचे म्हणणे असे की शास्त्र इंग्रजीत आहे, तेव्हा मुलांनी इंग्रजीच वाचावे. मराठीची लुडबुड कशाला? शास्त्र इंग्रजीत आहे हे खरे. पण ते या चकचकीत मासिकांत नाही. २०१८ साली 'ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन'मध्ये ४९ प्रयोगांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. वजनांचा व्यायाम करणाऱ्यांनी वरून प्रथिने घेतली तर चरबीविरहित वजनात सरासरी सुमारे ३०० ग्रॅमची भर पडते, आणि दिवसाला शरीराच्या दर किलोमागे साधारण १.६ ग्रॅमच्या पुढे प्रथिने नेल्यास आणखी फायदा दिसत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. म्हणजे ६५ किलोच्या मुलाला दिवसाला फार तर १०४ ग्रॅम.

आता हा हिशेब मराठीत मांडून पाहू. चार अंड्यांचे २४, अर्धा लिटर दुधाचे १६, १०० ग्रॅम फुटाण्यांचे २०, मूठभर म्हणजे ५० ग्रॅम शेंगदाण्यांचे १२, ५० ग्रॅम तूरडाळीचे ११ आणि ज्वारीच्या चार भाकऱ्यांचे सुमारे ३०. बेरीज शंभरीच्या पुढे जाते आणि डब्याचे झाकण बंदच राहते. ही बेरीज चकचकीत मासिक छापत नाही, कारण शेंगदाण्याची जाहिरात कोणी देत नाही. ज्याला इंग्रजी येते त्याने तो मूळ आढावा वाचावा, आमची ना नाही. पण इंग्रजीची अक्षरे ओळखणे आणि इंग्रजीतला दावा तपासणे यांत अंतर आहे. ते अंतर जिथे आहे तिथेच दुकानदार उभा असतो.

दुसरी मंडळी आमच्याच घरची. त्यांना परकी मासिके मुळीच नकोत. जोर, बैठका, खुराक आणि वस्तादाचा शब्द यांत सर्व काही आले, असे ते म्हणतात. या मंडळींना आम्ही आदराने एकच विचारतो: 'तालीम' हा शब्द कुठला? तो अरबी. 'वस्ताद' आणि 'पैलवान' फारसी. सीमेपलीकडे कन्नड गावांत तालमीला गरडी म्हणतात आणि दोन्हीकडचे मल्ल एकमेकांच्या मातीत उतरतात. ज्या मराठीने हे शब्द पचवले आणि त्यांत आपला घाम मुरवला, तिला 'सेट' आणि 'रेप' या दोन शब्दांनी अजीर्ण होणार नाही. जुन्या तालमीत चुकीचेही पुष्कळ चाले. गुडघे कुरकुरू लागले तरी बैठकांची संख्या वाढवत नेणारे वस्ताद आम्ही पाहिले आहेत. शब्द उसना घेण्यात कमीपणा नाही. कमीपणा आहे तो उसन्या शब्दामागचा अर्थ न विचारण्यात. ज्या भाषेत दंडाच्या फुगवट्याला 'बेटकुळी' असा जिवंत शब्द आहे, त्या भाषेतला मुलगा आपल्या पोटरीचे, पाठीचे, खांद्याचे दुखणे सांगताना अडखळतो. आम्हाला बोचते ते हे.

आणि या दोन्ही मंडळींना उत्तर आपल्याच घरात पडून आहे. मराठीत व्यायामविद्येचा सर्वांत मोठा ग्रंथ कुठे झाला? पुण्यात नव्हे, मुंबईत नव्हे, बडोद्यात. द. चिं. मुजुमदार यांनी 'व्यायाम ज्ञानकोश' संपादून दहा खंडांत प्रसिद्ध केला, आणि १९५० साली इंग्रजी वाचकांसाठी त्याचा सारग्रंथही काढला. मासिकही चालवले, त्याचे नाव साधे 'व्यायाम'. त्याच बडोद्यात प्राध्यापक माणिकरावांनी आपल्या आखाड्याला आपले गुरू जुम्मादादा यांचे नाव दिले. शिष्य हिंदू, गुरू मुसलमान, गाव गुजरातेत आणि कोशाची भाषा मराठी. महाराष्ट्राच्या हद्दीबाहेरच्या मराठी माणसांनी हे काम केले. आज बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद, गोवे आणि बेळगाव इथल्या आपल्या ग्रंथालयांत त्या कोशाचे किती खंड शाबूत आहेत, याची यादीदेखील आपण केलेली नाही.

शेजाऱ्याकडेही पाहावे. बेंगळुरूचे के. व्ही. अय्यर हे नामांकित व्यायामपटू. त्यांनी १९३० साली 'मसल कल्ट' हे पुस्तक इंग्रजीत लिहिले, व्यायामशाळा चालवली आणि 'शांतला' व 'रूपदर्शी' या कन्नड कादंबऱ्याही लिहिल्या. दंड कमावणे आणि भाषा कमावणे ही त्यांच्या लेखी वेगवेगळ्या माणसांची कामे नव्हती. कन्नडशी आमचे भांडण नाही, हे आम्ही पुनःपुन्हा सांगतो. इथे तर तिच्याकडून शिकण्यासारखे आहे.

आता मूळ प्रश्न. मासिक कसे निवडावे? आमचे उत्तर असे. अंक हातात घेतला की आधी जाहिरातींची पाने मोजा. निम्म्याहून अधिक पाने डब्यांची असतील तर ते मासिक नव्हे, सूचिपत्र आहे. मग मालक कोण ते पाहा. मालक आणि भुकटीवाला एकच असेल तर आहाराचे पान सोडून द्या, व्यायामाचे पान हवे तर वाचा. लेखाखाली लेखकाचे नाव व त्याचे शिक्षण दिले आहे का, आणि दावा कोणत्या प्रयोगावरून केला ते सांगितले आहे का, ते तपासा. नवख्याने विजेत्याचा कार्यक्रम उचलू नये. जो लेख आठवड्याला तीन दिवस, मोजके व्यायाम, थोडथोडा चढता भार आणि पुरेशी झोप सांगतो तो कंटाळवाणा वाटेल, पण तोच खरा. औषधांविषयी मौन पाळणाऱ्या मासिकावर विश्वास ठेवू नका. मागच्या अंकातली चूक जे पुढच्या अंकात कबूल करते, ते जपून ठेवा. ज्यांना इंग्रजी नीट येते त्यांनी 'मास' यासारखी संशोधनाचा आढावा घेणारी नियतकालिके गटाने वर्गणी भरून घ्यावीत. 'व्यायाम ज्ञानकोशा'चे खंड मिळाले तर कुस्ती आणि मल्लखांबासाठी जरूर वाचावेत. त्यातले शरीरशास्त्र मात्र त्या काळचे आहे हे ध्यानात ठेवावे.

शेवटची कसोटी आम्ही त्या तालमीत शिकलो. वाचलेले पान मिटवा आणि शेजारच्या गड्याला मराठीत सांगा: काय करायचे, किती करायचे, का करायचे, आणि हे कोणी व कशाच्या जोरावर म्हटले. सांगता आले तर ते मासिक तुमचे. नाही आले, तर तुम्ही केवळ चित्र विकत घेतले.

आमची मागणीही तेवढीच साधी आहे. सीमाभागातल्या प्रत्येक मराठी वाचनालयाने आणि मंडळाने शरीरसौष्ठवाच्या स्पर्धेसाठी वर्गणी काढताना त्यातला थोडा भाग बाजूला ठेवावा. तालमीच्या भिंतीवर महिन्याला एक हस्तलिखित पान लागू दे: एका लेखाचा मराठीतला सारांश, खाली सांगणाऱ्याचे नाव, आणि कन्नड मित्रांसाठी शेजारी कन्नडही. पाटीवरच्या मराठीसाठी आम्ही लाठ्या खाल्ल्या, पुढेही खाऊ. पण पाटीखालून आत जाणाऱ्या मुलाला आपल्या शरीराविषयी आपल्या भाषेत काही वाचायला मिळत नसेल, तर ती पाटी आम्ही कोणासाठी राखतो आहोत?