भूगोल : वाट्याला आलेला की निवडलेला?

बारावीच्या निकालानंतर आपल्याकडे विद्यार्थ्यांची जी विभागणी होते, तीत भूगोल हा विषय बहुधा निवडला जात नाही; तो वाट्याला येतो. अन्यत्र प्रवेश न मिळालेल्यांचा हा आश्रय, अशी पालकांची आणि कित्येकदा शिक्षकांचीही समजूत असते. या समजुतीची किंमत मात्र गुणवान विद्यार्थ्यांना मोजावी लागते. दिल्ली विद्यापीठातील नामांकित महाविद्यालयांत भूगोलाच्या मोजक्या जागांसाठी देशभरातून चुरस होते. सुरगाण्याच्या वा येवल्याच्या विद्यार्थ्यापर्यंत ही वार्ता पोहोचेपर्यंत अनेकदा अर्जाची मुदत टळून गेलेली असते.

२०२२ पासून तेथील पदवी प्रवेश बारावीच्या टक्केवारीवर नव्हे, तर केंद्रीय विद्यापीठांच्या सामाईक प्रवेश परीक्षेवर होतात. ही परीक्षा मराठीतूनही देता येते, हे पुष्कळांस ठाऊक नसते. मात्र तिची भिस्त राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेच्या अभ्यासक्रमावर आहे. केवळ राज्य मंडळाच्या पुस्तकावर भागत नाही. म्हणून परिषदेची पुस्तके अकरावीतच हाती घ्यावीत. कोणत्या अभ्यासक्रमास कोणते विषय लागतात, हे विद्यापीठाच्या माहितीपत्रकात स्वतः वाचावे. विषयांची निवड चुकली तर उत्तम गुणही निरुपयोगी ठरतात. पुढील अध्यापन मुख्यत्वे इंग्रजीतून होत असल्याने त्या भाषेतील वाचनाची सवयही आधीपासून हवी.

परंतु अर्ज ही तयारीची शेवटची पायरी होय, पहिली नव्हे. इगतपुरीस वर्षाकाठी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. त्याच जिल्ह्यातील येवल्यास त्याचा जेमतेम पाचवा-सहावा हिस्सा मिळतो. पर्जन्यछायेचा धडा याहून स्पष्ट कोठे मिळणार? गंगापूर व दारणा धरणांतील पाणी जायकवाडीस किती सोडावे, हा वाद नदीखोऱ्याच्या भूगोलाचा आहे, तितकाच अर्थशास्त्राचाही. लासलगावच्या बाजारातील कांद्याचा भाव मृदा, हवामान व वाहतूक या तिन्हींशी बांधलेला आहे. प्रवेश परीक्षा अशा निरीक्षणास वेगळे गुण देत नाही, हे खरे. ती पर्यायावर खूण तेवढी मागते. तथापि पाठ केलेले विसरते, कारणासह उमगलेले टिकते. आणि फिरवून विचारलेल्या प्रश्नात तेच उपयोगी पडते.

दिल्लीचे वसतिगृह व खर्च यांची चिंता रास्त आहे, आणि तिचा हिशेब घरात आधीच मांडला पाहिजे. दिल्ली साधली नाही तरी पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठात भूगोलाच्या पदव्युत्तर शिक्षणाची वाट पुढे खुली असते. अर्ज फेटाळला गेल्यास हानी शुल्काची व काही महिन्यांच्या श्रमांची. अर्जच न केल्यास होणारी हानी कोणत्याही जमाखर्चात दिसत नाही. ती टाळावयाची, तर अकरावीच्या वर्गात भूगोलाच्या शिक्षकाने एवढे तरी विचारावे, की हा विषय पुढे नेण्याची इच्छा कोणास आहे. हा प्रश्न आज फारसा विचारलाच जात नाही.