भुसा, फेविकॉल आणि तीन रंधे

एफ.ई.च्या कार्पेंट्री शॉपमध्ये कुणीही न शिकवता सगळ्यांना येणारी एक विद्या आहे. जॉइंटमध्ये फट दिसली की वर्कबेंचखालचा बारीक भुसा चिमूटभर घ्यायचा, फेविकॉलमध्ये कालवायचा, फटीत दाबायचा आणि वाळला की वरून पॉलिश पेपर मारायचा. जॉब तपासताना सर वरवर बघतात. मिस्त्रींना सगळं कळतं, पण ते काही बोलत नाहीत. सबमिशन झालं, सही मिळाली, विषय संपला!

दोष कुणाचा म्हणाल? सर म्हणतात मुलं कामचुकार. मुलं म्हणतात करवती बोथट. दोघांचंही थोडं थोडं खरं आहे. पण माझं स्पष्ट मत असं, की जॉइंट बसत नाही कारण तो बसवायला जे हत्यार लागतं तेच शॉपमध्ये नाही.

शॉपमध्ये आहेत ते जॅक प्लेन, ओळीने मांडलेले. फळी सपाट करायला उत्तम हत्यार, वादच नाही. पण एकदा तो उलटा धरून बघा. पातं साधारण दोन इंच आणि तळ त्याहून रुंद, म्हणजे पात्याच्या दोन्ही बाजूंना लोखंडाची पट्टी उरते. हा रंधा कोपऱ्यापर्यंत पोचूच शकत नाही. आणि जॉइंट म्हणजे सगळे कोपरेच की हो! हाफ लॅपची खाच, टेननचा खांदा, चौकटीचा रिबेट, सगळीकडे पात्याला अगदी कडेपर्यंत जावं लागतं. मग हातात उरते पटाशी.

आता आपल्या मेकॅनिकलवाल्यांच्या भाषेत बोलू. (सिव्हिल आणि कॉम्प्युटरवाल्यांनी क्षमा करावी.) मोकळ्या पटाशीला सहाच्या सहा डिग्रीज ऑफ फ्रीडम असतात. व्हायवात हे आपण धडाधड सांगतो, पण शॉपमध्ये त्याचाच त्रास होतोय हे लक्षात येत नाही. रंधा म्हणजे फिक्श्चरमध्ये पकडलेली पटाशी. जॉइनरीसाठी जे खास रंधे बनले, त्यातला प्रत्येक एखादं माप तुमच्या वतीने धरून ठेवतो. कुणी खोली धरतो, कुणी कडेपासूनचं अंतर, कुणी काटकोन. म्हणून रंधा निवडताना कॅटलॉगमधली चकाकी बघू नये. आपल्याला हाताने कुठलं माप सांभाळता येत नाही, एवढाच प्रश्न विचारावा.

आपल्या शॉपपुरतं उत्तर सोपं आहे, खोलीचं. हाफ लॅपमध्ये दोन्ही तुकड्यांची खाच बरोबर निम्म्या जाडीची हवी. करवतीने दोन बाजू कापतो, मधलं लाकूड पटाशीने उडवतो आणि तळ राहतो कोकणातल्या रस्त्यासारखा. एका खाचेत अर्धा मिलिमीटर जास्तीचा राहिला आणि दुसरीतही तेवढाच, तर जोडल्यावर एक मिलिमीटरची पायरी. दोन्हीकडची चूक एकाच दिशेला असेल तर ती बेरीज होऊनच समोर येते. यासाठी राउटर प्लेन. (विजेवर गरगरणारा राउटर वेगळा, त्याच्याकडे नंतर येतो.) याचा तळ खाचेच्या दोन्ही बाजूंच्या मूळ पृष्ठभागावर टेकतो आणि एल आकाराचं पातं खाली लोंबतं. स्क्रूने खोली ठरवली की पातं त्याखाली जाऊ शकत नाही, त्यामुळे खाचेचा तळ वरच्या पृष्ठभागाला समांतरच निघतो. पहिल्याच दमात पूर्ण खोली गाठायची नाही, थोडं थोडं उतरायचं.

टेननचा, म्हणजे सुतारांच्या भाषेतल्या कुसवाचा, गाल साफ करायलाही मी राउटर प्लेनच वापरायला सांगेन. पुष्कळजण त्यासाठी शोल्डर प्लेन वापरतात. पण तो गालावरच फिरतो, संदर्भाला मूळ पृष्ठभाग नसतो, आणि टोकाकडे जास्त लाकूड जाऊन टेनन निमुळता होतो. असा टेनन भोकात सहज शिरतो, आणि तसाच सहज बाहेरही येतो!

शोल्डर प्लेनचं खरं काम त्याच्या नावातच आहे, खांदा. तिथे लाकडाचे तंतू आडवे कापायचे असतात. पातं बॉडीच्या पूर्ण रुंदीचं असतं, शिवाय ते कमी कोनात, उतार वर करून बसवलेलं असतं. त्यामुळे धारेच्या अगदी जवळपर्यंत खालून लोखंडाचा आधार मिळतो आणि आडव्या तंतूंवर ते थरथरत नाही. घेताना पाऊण इंची घ्यावा, आपल्या जॉबना पुरतो. दुकानातच गुण्या लावून बघावा. तळ आणि बाजू काटकोनात नसतील तर परत ठेवून द्यावा. घासून सरळ करू वगैरे बढाया मारू नयेत.

तिसरा रंधा रिबेटचा. स्टॅन्लेच्या ७८ नंबरच्या धाटणीचा, दीड इंची पात्याचा. याला कडेपासूनचं अंतर धरायला फेन्स, खोली धरायला स्टॉप आणि आडवे तंतू आधी कापायला छोटं टोकदार पातं असतं. जरा रांगडा गडी आहे. खांद्यावरचं नाजूक काम त्याच्याकडून करून घेऊ नये, पण भारतात या नमुन्याचे रंधे बनत आले आहेत, हा मोठा फायदा. खणाच्या तळासाठी खोबणी पाडणारा प्लाउ प्लेन चौथा, पैसे उरले तर.

आणि काय घेऊ नये? कॉम्बिनेशन प्लेन. स्टॅन्लेचा ४५ नंबर १८८० च्या दशकातला. निकेलची झिलई, लाकडी पेटी, एकाच रंध्यात खोबणी, रिबेट, गलता सगळं. दिसतो मात्र राजबिंडा! पण प्रत्येक कामाआधी फेन्स, दांड्या, पातं, स्टॉप जुळवत बसायचं, आणि पात्यापुढे लाकूड दाबून धरणारा अखंड तळ नसल्याने आडव्यातिडव्या तंतूंचे टवके उडणार. दोन तासांच्या प्रॅक्टिकलला हा परवडत नाही. संग्रह करणाऱ्यांनी खुशाल घ्यावा.

यावर मिस्त्री हसणार हे माहीत आहे. गावोगाव काम करणारा सुतार एक रंधा आणि दोन पटाश्यांवर अख्खी चौकट उभी करतो, मग या पोरांना एवढे लाड कशाला? बरोबर आहे. पण त्या सुताराच्या हातात वीस वर्षं आहेत. आपल्याकडे सेमिस्टरमधली मोजकी प्रॅक्टिकल्स, त्यातली दोन गॅदरिंगमध्ये जातात. जे माप हात धरू शकत नाही ते हत्याराने धरावं, हेच तर जिग्ज अँड फिक्श्चर्सच्या पेपरात आपण दहा मार्कांना लिहितो.

दुसरा आक्षेप राहुट्यावाल्यांचा, म्हणजे विजेच्या राउटरवाल्यांचा. चाळीस खोबण्या सारख्या पाडायच्या तर त्याला तोड नाही. पण बसत आलेल्या टेननवरून कागदाएवढी साल काढायची असेल तर मशीन सेट करेपर्यंत रंध्याचं काम होऊन जातं. आणि ती धूळ, तो आवाज! एफ.ई.च्या तीस मुलांच्या गर्दीत त्याच्यावर लक्ष कोण ठेवणार?

राहिला पैशांचा प्रश्न. अमेरिकेतल्या लाय-नील्सन किंवा कॅनडातल्या व्हेरिटासचे रंधे देखणे आहेत, पण ते मागवून वर ड्यूटी भरायची म्हणजे डिपार्टमेंटचं बजेट गार. गरजही नाही. इंग्रज सुतार जुन्या लाकडी राउटर प्लेनला 'म्हातारीचा दात' म्हणत. ठोकळ्यातून खाली आलेलं एकच पातं, पाचरीने घट्ट केलेलं. तो आपल्याला बनवता येतो. आठ मिलिमीटरची ॲलन की घ्या, आखूड पायाला ग्राइंडरवर धार काढा. मात्र दर काही सेकंदांनी पाण्यात बुडवा, निळी पडली की पाणी उतरलं समजा. ठोकळ्यात उभं भोक, बाजूने थ्रेड पाडून एक बोल्ट, झाला रंधा! फिटिंग शॉपमध्ये चौकोनी प्लेट घासत बसण्याऐवजी एका बॅचने हे केलं तर कार्पेंट्री शॉपला पुढच्या वर्षी डझनभर राउटर प्लेन फुकट मिळतील. विकत घ्यायचे फक्त दोन शोल्डर आणि दोन रिबेट.

पण एक अट. हे रंधे कपाटात कुलूपबंद राहता कामा नयेत. हरवतील म्हणून कुलूप, वापर नाही म्हणून गंज, गंजले म्हणून स्क्रॅप, हा प्रवास आपल्या कॉलेजात नवा नाही. सोबत धारेचा दगड आणि जाड काचेवर चिकटवलेला बारीक पॉलिश पेपरही हवा. पंचवीस अंशांचा उतार, टोकाला तीस. सागवानात सिलिका असते, धार लवकर जाते. त्यामुळे किल्ली मिस्त्रींकडे असू द्या आणि दर बॅचमधल्या दोन मुलांना धारेची ड्युटी लावा, जर्नलमध्ये नोंद करून, सहीसकट.