मोकळी जमीन म्हणजे काय हो, भाऊजी?

मंडळी, आज थोडं भांडणार आहे. कुणाशी म्हणाल, तर दोन शब्दांशी. 'मोकळी जमीन'! इतकी वर्षं शाळेत मराठी शिकवलं, त्यामुळे शब्द चुकीच्या जागी बसलेला दिसला की अजूनही हात लाल पेनाकडे जातो.

निमित्त झालं फ्रान्समधल्या एका पक्षी-उद्यानाचं. लेक-जावई पॅरिसला असतात. मे महिन्यात त्यांच्याकडे गेले होते, सोबत धाकटी बहीण आणि तिचे यजमान, म्हणजे आमचे भाऊजी. पॅरिसहून उत्तरेला गाडीने अडीचएक तास गेलं की सोम नदी समुद्राला मिळते तिथलं रुंद, उथळ मुख लागतं. त्याला 'बे द सोम' म्हणतात. ओहोटीला पाणी इतकं मागे जातं की समुद्र दिसेनासा होतो, उरतो नुसता चिखल आणि वाळू. त्याच्या उत्तरेकडच्या काठावर मार्कांतेर नावाचं उद्यान आहे. सुमारे २०० हेक्टर, म्हणजे आपले जवळजवळ ५०० एकर. तळी, दलदल, गवत, वाळूच्या टेकड्या आणि पाइनची झाडं. झाडांवर पांढरे करकोचे, बगळे आणि चमचे शेजारी शेजारी घरटी करून राहतात. (चमचा हे पक्ष्याचंच नाव आहे हो, त्याची चोच तशी असते. ऑफिसातला नव्हे!)

हे सगळं बघून भाऊजी म्हणाले, "पाचशे एकर मोकळी जमीन, तीही समुद्रकाठची, आणि दिली पाखरांना! वर बघायला तिकीट!"

भाऊजी, तुम्ही हे वाचणार हे मला माहीत आहे. राग मानू नका, पण तिथे जेवणाच्या वेळी मी गप्प बसले ते लेकीच्या घरचं वातावरण बिघडू नये म्हणून. आता ऐका.

पहिली गोष्ट, ती जमीन मोकळी नव्हतीच. मुळात तो समुद्राचा प्रदेश. १९५० च्या दशकात तिथल्या जमीनमालकांनी बांध घालून समुद्र मागे हटवला आणि फुलझाडांच्या कंदांची शेती सुरू केली. पण शेजारी हॉलंड! त्यांच्या ट्यूलिपपुढे याचा टिकाव लागेना. शेती बंद पडली. तेव्हा त्या मालकांना प्लॉट पाडता आले असते. त्याऐवजी १९७३ साली तिथे पक्षी-उद्यान उघडलं. पुढे १९८६ मध्ये ती जागा 'काँझरव्हात्वार द्यु लितोराल' या सरकारी संस्थेने विकत घेतली. ही संस्था १९७५ साली स्थापन झाली ती किनाऱ्यावरच्या जमिनी विकत घेऊन राखण्यासाठी. तिचा नियम असा, की एकदा घेतलेली आणि राखीव ठरवलेली जमीन पुन्हा बाजारात येत नाही. १९९४ मध्ये उद्यानासकट आजूबाजूचा सुमारे ३,००० हेक्टरचा भाग राष्ट्रीय राखीव क्षेत्र झाला.

दुसरी गोष्ट तिकिटाची. दलदल आपोआप राहते असं वाटतं ना? तिथे पाण्याची पातळी झडपांनी कमी-जास्त करावी लागते, नाहीतर चिखलात चोच खुपसून खाणाऱ्यांचे हाल होतात. झुडपं माजू नयेत म्हणून हेन्सन जातीचे घोडे चरायला सोडतात. आडोशाच्या लाकडी खोपटांत दुर्बिणी लावून माणसं उभी असतात आणि शाळकरी पोरांना समजावून सांगतात. हे फुकट होतं का? सिनेमाला पैसे मोजताना आपण कुरकुरत नाही. सैबेरिया, स्कँडिनेव्हियापासून आफ्रिकेपर्यंत जाणाऱ्या पाखरांची ही धर्मशाळा आहे. धर्मशाळेच्या पेटीत चार पैसे टाकले तर काय बिघडलं?

आता तुम्ही म्हणाल, फ्रेंच लोक श्रीमंत, त्यांना परवडतं. तर तिसरी गोष्ट ऐका. फ्रेंच लोकही सगळे शहाणे नाहीत. त्याच देशात पश्चिम किनाऱ्यावर ला फोत-स्युर-मेर नावाचं गाव आहे. तिथे समुद्राच्या बांधामागे, खोलगट जमिनीवर, सुट्टीत राहायला म्हणून बंगल्या उठल्या. तीही 'मोकळी जमीन'च होती! २७-२८ फेब्रुवारी २०१० च्या रात्री झिंथिया वादळ आलं, भरतीही मोठी होती, समुद्र बांधावरून आत शिरला. त्या एका गावात २९ माणसं गेली, बरीचशी म्हातारी, झोपेतच. नंतर सरकारला शेकडो घरं विकत घेऊन पाडावी लागली. म्हणजे आधी बांधायचा खर्च, मग पाडायचा खर्च, आणि माणसं गेली ती गेलीच. परवडलं नाही ते हे, भाऊजी. मार्कांतेर परवडलं.

आणि हे सांगायला फ्रान्सला तरी कशाला जायला हवं? २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या पाण्याला पसरायला जी पाणथळ जागा हवी होती, तिच्यावर आपण आधीच भराव टाकून बसलो होतो. ठाण्याच्या खाडीला २०१५ मध्ये रोहित पक्ष्यांचं अभयारण्य म्हणून आणि २०२२ मध्ये रामसर स्थळ म्हणून मान मिळाला. आनंद आहे. पण भरतीच्या वेळी तेच रोहित आजूबाजूच्या ज्या तळ्यांवर येऊन उभे राहतात, त्यांच्याकडे पाहून आजही कुणीतरी म्हणतंच, केवढी मोकळी जमीन!

"मग माणसांनी राहायचं कुठे?" हा तुमचा ठेवणीतला प्रश्न. राहायला घर हवंच. पण खाडी भरून बांधलेला फ्लॅट ज्याला घर नाही त्याला मिळतो, असं एक उदाहरण दाखवा, मी माझे शब्द मागे घेते. तिथे 'सी-व्ह्यू'चे पैसे लागतात. आणि पाणी आपली जागा विसरत नाही, हे कोकणातल्या कुठल्याही आजीला विचारा.

तेव्हा माझ्या वहीत ही चूक मी लाल पेनाने अधोरेखित केली आहे. 'मोकळी' खोडा. त्या जागेवर पाणी राहतं, मासे वाढतात, पाखरं उतरतात आणि वादळाचा पहिला तडाखा ती अंगावर घेते. ती भरलेली जागा आहे, फक्त तिथे सातबारावर कुणाचं नाव नाही.

पटलं नाही तर जरूर कळवा. भाऊजी, तुमच्या उत्तराची विशेष वाट पाहते आहे. यावेळी जेवणाचं ताट मधे नाही!